आत्याचं माप

शिडीच्या सौंदर्यस्पर्धेच्या फॉर्मवर वडिलांची सही लागणार होती आणि शेवटची तारीख सोमवार होती. फॉर्म घरी येऊन नऊ दिवस झाले तरी वडिलांनी, म्हणजे खाली शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या मास्तरांनी, त्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो शिवणयंत्राच्या खणात गेला, पाचव्या दिवशी त्याच्यावर बॉबिनांचा डबा आला, आणि मग पोस्टमन त्या दिवशी आलाच नव्हता अशा थाटात घर चालू राहिलं.

शेवटी वहिनीने, म्हणजे शिडीच्या आईने, नणंदेला फोन केला. "तूच ये बाई. तू त्या स्पर्धेत नुसती गेली नाहीस, जिंकून आलीस. तुझं ऐकतील ते."

वहिनीला ठाऊक नव्हतं, पण आदल्याच दिवशी खाली दुकानातून मास्तरांनीही बहिणीला फोन लावला होता. "ये आणि पोरीला चार गोष्टी सांग. तू त्यातून गेलेली आहेस. तुझं ऐकेल ती."

अशा रीतीने, चार वर्षं घराकडे न फिरकलेली आत्या रविवारी सकाळी दहाच्या बसने दोन उलट कामं घेऊन येऊन दाखल झाली. दोघांनाही ती फोनवर "बघते" एवढंच म्हणाली होती.

वहिनीने तिला वरच्या मजल्याच्या खिडकीतून पाहिलं. चाळीस वर्षांची बाई, हातात एकच बॅग, पायात सपाट बूट. पण चालणं तेच. डोक्यावर भरलेला पेला ठेवला तरी हिंदकळणार नाही असं. एकवीस वर्षांपूर्वी वहिनी नवी नवरी म्हणून या घरात आली, त्याच महिन्यात आत्याने किताब जिंकला होता. नवरी बघायला येणारी माणसं जिना चढून यायची, नवरीला "छान, छान" म्हणायची आणि मान वळवून विचारायची, "आणि ती कुठंय?" वहिनीला तेव्हा राग आला नव्हता. तीही सगळ्यांबरोबर मान वळवून बघायची. दारात मोटार उभी राहायची, आत्या पायरी न बघता पायरी उतरायची, आणि काज-बटणं करताना वहिनीच्या मनात यायचं की असंही एक आयुष्य असतं तर.

मग शिडी झाली. पंधराव्या वर्षीच ती दुकानातल्या सर्वांत वरच्या फळीवरचे कापडाचे तागे स्टूल न घेता काढायला लागली, तेव्हा तिला हे नाव पडलं. आता ती सतरा वर्षं दहा महिन्यांची होती. स्पर्धा दोन महिने थांबली असती तर सहीची गरजच नव्हती, असं ती दिवसातून तीनदा सुनवायची.

"आलीस?" दार उघडत आजी म्हणाली. आजी म्हणजे मास्तरांची आणि आत्याची आई. नवऱ्याच्या मागे तिने हे दुकान सात वर्षं एकटीने ओढलं होतं आणि अजूनही भारी कपड्यांची काजं तिच्याच हातची लागायची. "वाळलीस."

"आई, मी तेवढीच आहे गं. सुताचाही फरक नाही."

हे वाक्य तेव्हा कुणाच्याच कानात अडकलं नाही.

*

जेवताना आजीने अल्बम काढला. तो निघणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून वहिनीने टेबलाचा एक कोपरा आधीच पुसून ठेवला होता.

पहिल्या पानावर मुकुट घातलेली एकोणीस वर्षांची आत्या. मग फिती कापणारी आत्या, मासिकांतली, लांबलचक मंचावर चालणारी. मग कोरी पानं.

"पुढचे फोटो बाहेरदेशी छापून येतात," आजी नातीला सांगत होती, जणू नातीने हे कधी ऐकलंच नव्हतं. "तिकडची मासिकं आपल्याकडे कुठली यायला! शेजारच्या औषधवाल्याची बायको विचारते नेहमी. मी सांगते, बाई, आमची लेक आज या देशात तर उद्या त्या."

आत्या भाजीतला वाटाणा चमच्याने ताटाच्या कडेला नेत होती.

"आत्या, तो मुकुट कुठंय?" शिडीने विचारलं.

"परत दिला."

"म्हणजे?"

"वर्ष संपलं की परत करायचा असतो. पुढचीला तोच घालतात. आतून कापडाची पट्टी असते, ती तेवढी बदलतात."

सगळ्यांचे हात थांबले. मुकुट घरात का नाही, हा प्रश्न एकवीस वर्षांत या घरातल्या कुणालाच पडला नव्हता. आजी समजून होती की तो बँकेत आहे. मास्तर समजून होते की आईला ठाऊक असेल.

"आणि जड असतो?"

"कानामागे टोचतो."

"मग हसत कशी होतीस?"

"गालाला सवय लावतात. दातांना व्हॅसलीन लावायचं. तोंड कोरडं पडलं तरी ओठ चिकटत नाहीत."

शिडीने आपल्या दातांवरून जीभ फिरवून पाहिली. वहिनीला वाटलं, गाडी रुळावर येतेय. ती पटकन म्हणाली, "बघा, किती शिकायला मिळतं! मी तेच म्हणते. पोरीला उंची दिलीय, चेहरा दिलाय. सही तर करायचीय एक."

"दातांना व्हॅसलीन लावायला शिकून काय करायचंय?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. जिने केलं ती बोलतेय ना?"

"ती कुठे बोलतेय? तिला विचारलं तेवढंच सांगतेय." मास्तरांनी बहिणीकडे पाहिलं. "तू सांग. पाठवावी का?"

दोन्ही बाजूंनी माना आत्याकडे वळल्या. आत्या पाणी प्यायली.

"दादा, मी जरा झोपते. बसमध्ये मान अवघडलीय."

"झोपतेस कुठली!" आजी म्हणाली. "आधी खाली जा नि माप दे. चार वर्षांनी आलीस, घरचा कोट अंगाला लागल्याशिवाय जायचं नाही. काय रे, कापड आहे ना?"

*

रविवार असल्यामुळे दुकानाचं शटर अर्ध्यावर होतं आणि खालून येणारं ऊन कटिंगच्या टेबलाच्या पायांपर्यंतच पोचत होतं. मास्तरांनी दिवा लावला. गळ्यात टेप अडकवली, कानावर खडू. बहीण आरशापुढे उभी राहिली, आणि त्यांना पहिली गोष्ट जाणवली ती ही, की ही बाई माप देताना श्वास धरत नाही.

तीस वर्षांत हजारो बायकांची मापं त्यांनी घेतली होती. टेप लागली की प्रत्येक बाई पोट आत घेते. कुणी खांदे ताठ करते, कुणी आरशात बघते. ही नुसती उभी होती. वजन दोन्ही पायांवर सारखं, हात सैल, नजर समोर भिंतीवर. कपाटासारखी.

खांदा पंधरा. छाती, कंबर, त्यांनी वहीत लिहिली. मग मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत टेप सोडली. सतरा.

त्यांनी पुन्हा मोजलं. सतरा.

"तुझी पाठ लांब आहे," ते म्हणाले. "हिशोबाने सोळा हवी."

"लहानपणापासून आहे. बाबा म्हणायचे की हिच्यात एक मणका जास्तीचा घातलाय."

मास्तरांनी टेपवरचा आकडा अंगठ्याने दाबून धरला. सतरा हा आकडा त्यांच्या बोटांच्या ओळखीचा होता. बाजारात एका मोठ्या कंपनीचे तयार कोट यायचे. लेबलवर दोन चिमण्या, म्हणून दुकानात त्याला चिमणीछाप म्हणत. कोट सुंदर. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर, असा की हात वर केला तरी कोट उचलला जात नाही. पण ज्या बायका ते घ्यायच्या त्या आठवड्याभरात मास्तरांकडे यायच्या, एकच तक्रार घेऊन. कंबर खाली बसते. एक इंच. दरवेळी तोच एक इंच. गेली दहा-अकरा वर्षं मास्तर त्या कोटांची कंबर उसवून वर घेत होते आणि तो कोट बेतणाऱ्या अज्ञात माणसाला शिव्या घालत होते. काम झटपट व्हावं म्हणून एक कोट पूर्ण उसवून त्यांनी त्याचा खाकी कागदाचा पॅटर्नच काढून ठेवला होता. तो भिंतीवरच्या तिसऱ्या खिळ्याला होता.

त्यांनी मुंढा मोजला. खांद्याचं हाड पुढे किती येतं ते पाहिलं. मग तिसऱ्या खिळ्यावरचा कागद काढला आणि बहिणीच्या पाठीला लावला.

कागद बसला. कुठे फुगला नाही, कुठे दुमडला नाही. मानेच्या खाचेत मान, काखेच्या वळणात काख, आणि कमरेची खूण बरोबर कमरेवर.

आत्याने आरशात ते पाहिलं.

"कुणाचा आहे तो?" तिने विचारलं, पण आवाज आधीच उतरला होता.

"चिमणीछाप. तू सांग, कुणाचा आहे?"

आत्याने हात मागे नेऊन कागदावरची कमरेची खूण चाचपली.

"माझा," ती म्हणाली. "त्यांचे कोट माझ्या अंगावर बेततात दादा. सगळे. अकरा वर्षं झाली."

मास्तरांना राग यायला हवा होता. यायला निघालाही असेल. पण त्याच्याआधी भलतंच काहीतरी पोचलं आणि ते हातातला कागद हलवत म्हणाले, "म्हणजे अकरा वर्षं मी तुझी कंबर वर घेतोय?"

ती हसली. मग हसता हसता तिने तोंड दोन्ही हातांनी झाकलं आणि स्टुलावर बसली. मास्तर तिच्यासमोर टेबलाच्या कडेला टेकले.

"तिथे सांगितलं का नाहीस की पाठ लांब आहे म्हणून?"

"दरवर्षी सांगते. ते म्हणतात, कोट लांब दिसतो, हँगरवर छान दिसतो. विकला जातो. पुढचं त्यांना काय!"

"आणि मुंढा? तो कुणाचा?"

"तो माझा," आत्या म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात काहीतरी बदललं. "तिथल्या मास्तरांनी चार वेळा बसवला, चारही वेळा मी नको म्हटलं. हात वर केल्यावर कोट वर जातो म्हटलं. पाचव्यांदा आला तो हा."

मास्तरांनी तो मुंढा कितीतरी वेळा बोट फिरवून पाहिला होता. आपल्याला असा का जमत नाही, हे त्यांनी आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं. आत्ता विचारावंसं वाटत होतं. पण आधी दुसरं विचारायला हवं होतं.

"मग बाहेरचे देश? शो?"

"आईला सांगू नकोस."

"सांगायचं काय राहिलंय?" जिन्यातून आवाज आला. तिसऱ्या पायरीवर शिडी बसली होती, गुडघे हनुवटीला टेकवून. तिच्या मागे चहाचे कप घेतलेली वहिनी, आणि तिच्या मागे, कठडा धरून, आजी.

*

त्यांनी किती ऐकलं हे आत्याने विचारलं नाही. आजीच्या चेहऱ्यावरूनच ते कळत होतं. मास्तरांनी आईला धरून खाली आणलं, इस्त्रीच्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसवलं. चहा निवत राहिला.

आत्याला वाटलं होतं की हे सांगायची वेळ आली तर आपण रडू. रडू येत नव्हतं. एखादं घट्ट बटण सुटल्यासारखं वाटत होतं फक्त.

"किताबाचं वर्ष बरं गेलं," ती म्हणाली. "फरशांची दुकानं, डोळ्यांची इस्पितळं, कुत्र्यांचं प्रदर्शन. कुठेही न्यायचे, फीत कापायला लावायचे. करारात होतं, केस कापायचे नाहीत, त्यांना विचारल्याशिवाय दुसरं काम घ्यायचं नाही. तीन वर्षं. मी न वाचता सही केली होती. मग मॉडेलिंगला गेले, तर तिथे सगळे म्हणायचे, हसू नकोस. मंचावर चालताना हसायचं नसतं, लोकांनी कपडे बघायचे असतात. मला हसायचंच शिकवलेलं. ते विसरायला वर्ष गेलं. सत्ताविसाव्या वर्षी एकाने सांगितलं, तुझा चेहरा आता फार ओळखीचा झालाय. नंतरची दोन वर्षं काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?" शिडीने विचारलं.

"म्हणजे फोन वाजला की मी धावायचे आणि तो चुकीचा नंबर असायचा."

"मग?"

"मग एकदा कंपनीच्या कटिंगच्या हॉलमध्ये कुणीतरी आजारी पडलं म्हणून दोन दिवसांसाठी बोलावलं. उभं राहायचं, कच्चा कोट घालायचा, टाचण्या लावून घ्यायच्या. तिथल्या म्हाताऱ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, बाई, कुठे ओढतंय? दहा वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी असं काही विचारलं होतं ज्याचं उत्तर फक्त मला ठाऊक होतं." ती थांबली. "मी दादाची बहीण आहे. मला कळत होतं कुठे ओढतंय. मी तिथेच राहिले."

"वजन वाढलं तर?" शिडी.

"सोमवारी सकाळी माप घेतात. अर्धा इंच इकडेतिकडे चालत नाही."

"आणि सर्दी झाली, शिंक आली तर?"

"टाचणी टोचते."

शिडी हसली. वहिनी हसली नाही. तिच्या डोळ्यांसमोर ती दारातली मोटार उभी होती, आणि तिच्यातून कुणी उतरत नव्हतं.

"म्हणजे इतकं सगळं करून शेवटी कपड्यांच्या दुकानातच," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला ते आवडलं नाही, पण तोंडातून गेलं होतं. "मी काय समजत होते! नको. अहो, तो फॉर्म फाडून टाका. पोरगी इथे शिकेल, नोकरी करेल. मला नकोय ते."

"मी करतोय सही," मास्तर म्हणाले.

"काय?"

"करतोय म्हटलं ना."

"नऊ दिवस मी पाया पडतेय तर बॉबिनांच्या डब्याखाली घातलात, आणि आज..."

"आज कळलं ना मला," मास्तर म्हणाले. "मला वाटायचं तिथे गेलेलं माणूस नुसतं दिसायला शिकतं. हिने मुंढा बसवलाय. तीस वर्षं मी कात्री चालवतोय, मला तसा जमलेला नाही."

"मुंढ्यासाठी पोरीला पाठवणार?"

"तू कशासाठी पाठवत होतीस?"

वहिनीने हातातला निवलेला कप पायरीवर ठेवला. उत्तर तिच्याजवळ होतं, पण ते शिडीसमोर बोलण्यासारखं नव्हतं, आणि नणंदेसमोर तर नाहीच. आत्याने तिच्याकडे पाहिलं. काय झालं कुणास ठाऊक, पण ती उठून वहिनीच्या शेजारी, जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली.

"वहिनी, मला वाईट नाही वाटलं," ती हळूच म्हणाली. "मीही त्या मोटारीत बसल्यावर हेच समजत होते."

 आता आजी बोलली, आणि आवाज चांगलाच तापलेला होता.

"अकरा वर्षं मी त्या औषधवाल्याच्या बायकोला देशांची नावं सांगतेय. नकाशात बघून सांगायचे मी! परवाच तुला एका बेटावर पाठवलं."

"आई..."

"खोटं का बोललीस?"

"तू फोनवर म्हणालीस, अल्बमची पानं उरलीत. म्हटलं, पुढच्या रविवारी खरं सांगू. मग पुढच्या. नंतर दर रविवारी ते आणखी अवघड होत गेलं. म्हणून यायचंही टाळायला लागले."

"लाज वाटत होती कामाची?"

"कामाची नाही. तुझी."

आजी बोटातली अंगठी फिरवत बसली. सगळ्यांना वाटलं, आता ही उठून वर जाईल आणि दोन दिवस बोलणार नाही. तिची ती पद्धत होती. पण तिने मान वर केली आणि विचारलं, "बसायला खुर्ची देतात?"

"काय?"

"तिथे. खुर्ची देतात का?"

"उभंच राहावं लागतं. बसल्यावर कोट बघता येत नाही."

"किती वेळ?"

"सहा तास. कधी सात."

"पाय दुखत नाहीत?"

आत्या उत्तर द्यायला गेली आणि तिने आधी आपल्या पायांकडे पाहिलं. किताबाबद्दल, शोबद्दल, माणसांबद्दल लोकांनी तिला शेकडो प्रश्न विचारले होते. पायांबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

"दुखतात," ती म्हणाली.

"मग सपाट बूट घालतेस ते बरं करतेस," आजी म्हणाली आणि नाक पुसलं. "चहा गरम कर गं कुणीतरी."

*

फॉर्म संध्याकाळी बाहेर आला. शिडीने तो टेबलावर पसरला आणि मास्तरांच्या हातात पेन दिलं, पण आत्याने पेन काढून घेतलं.

"आधी वाचू. सगळं. मोठ्याने."

पाच पानं होती. शिडी वाचत होती, आत्या थांबवत होती. दोन ठिकाणी तिने रेघ मारली आणि बाजूला लिहिलं की हे मान्य नाही. "यावरून काढून टाकलं तर?" वहिनीने विचारलं. विरोध संपला नव्हता, पण ती टेबलाशी येऊन उभी राहिली होती. "तर समजायचं की आत आणखी काहीतरी आहे," आत्या म्हणाली.

"आणि तुला," तिने भाचीला विचारलं, "तुला कशाला जायचंय? मुकुट परत द्यावा लागतो हे कळलं. कानामागे टोचतो हेही कळलं."

शिडीने खांदे उडवले. ती खरंच विचार करत होती. "मला तिथे वर उभं राहून खाली काय दिसतं ते बघायचंय."

"काही दिसत नाही. दिवे डोळ्यांवर असतात."

"मग ते बघायचंय. काही न दिसणं."

मास्तरांनी सही केली. वहिनीने शाईवर फुंकर घातली आणि मग आपणच घातली म्हणून स्वतःवर चिडली.

रेघा मारलेल्या फॉर्मवर कुणी हरकत घेतली नाही. कदाचित तो कुणी वाचलाच नसावा. पुढच्या महिन्यात शिडी गेली, आत्याच्या खोलीवर राहिली, आणि शेवटच्या चौदा मुलींपर्यंत पोचली. तिथे एका परीक्षकाने विचारलं की जग बदलायचं तर तू काय बदलशील. ती म्हणाली, "आत्ता लगेच सांगता येणार नाही, बघून सांगते." सभागृह हसलं, पण ती चौदाच्या पुढे गेली नाही. घरी आली, दोन दिवस झोपली, तिसऱ्या दिवशी वरच्या फळीवरचे तागे काढून दिले. पुढच्या वर्षी जाणार का, असं वहिनीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माहीत नाही गं. पण तू ये बरोबर. आयांना पहिल्या रांगेत बसवतात." वहिनीने त्या दिवशी चार काजं उलटी केली.

आजी मात्र शिडी परत येईपर्यंतही थांबली नव्हती. नातीला सोडायला म्हणून ती बसमध्ये चढली होती, आणि खरं कारण तिने बस सुटल्यावर सांगितलं. "मला लेक उभी राहते ती जागा बघायचीय."

कंपनीचा कटिंगचा हॉल तिसऱ्या मजल्यावर होता. पुतळे, वाफेच्या इस्त्र्या, दोरीवर कपड्यांसारखे टांगलेले कागदी पॅटर्न. आजीला भिंतीजवळ खुर्ची दिली. मधोमध वीतभर उंचीच्या चौरंगावर आत्या उभी होती, अंगात कोऱ्या पांढऱ्या कापडाचा कच्चा कोट. तिच्याभोवती पाच माणसं. मनगटाला टाचण्यांची उशी बांधलेला म्हातारा मास्तर, वही घेतलेली एक मुलगी, आणखी तिघं.  सगळे आत्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि आत्या डोळे मिटून उजवा हात सावकाश वर नेत होती, खाली आणत होती.

आजीने टीव्हीवर एकवीस वर्षांपूर्वी हजारो माणसं आपल्या लेकीकडे बघताना पाहिली होती. ती माणसं वेगळ्या तऱ्हेने बघत होती. ही पाच माणसं, तिने काही सांगावं म्हणून थांबली होती.

"इथे," आत्या म्हणाली, आणि काखेच्या मागे बोट ठेवलं. म्हाताऱ्याने लगेच तिथला कच्चा टाका उसवला. न विचारता, न वाद घालता.

आजी उठली. वहीवाल्या मुलीने "आजी, तुम्ही बसा" म्हटलं, ते तिने ऐकलं नाही. ती चौरंगाच्या मागे गेली, चष्मा नाकावर सरकवला आणि लेकीच्या मुंढ्यात बोट घातलं.

"हा दीड सूत वर हवा."

"आई, वर घेतला तर कोपर उचलताना टोचेल."

"नाही टोचणार."

"अगं, कोट मी घातलाय का तू?"

"तुला अंगात काय होतं ते कळतं. मला बाहेरून काय दिसतं ते कळतं. मागे सुरकुती पडतेय, तुला कुठून दिसणार?"

सगळ्यांनी म्हाताऱ्या मास्तराकडे पाहिलं. तो वाकला, सुरकुती पाहिली, तोंडातली टाचणी काढली. "आहे," तो म्हणाला. "दोन्ही करून बघू. उजवा बाईंचा, डावा आजींचा."

आजीने पर्स खुर्चीवर ठेवली आणि टाचण्यांसाठी हात पुढे केला.